हिंगाच्या डबीतलं टोक

वसईला लोक किल्ला पाहायला जातात, समुद्रावर जातात, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाला जातात. मी गेले ते एका सज्जन माणसाचा दात खोटा ठरवायला. त्यांच्या तोंडातला नव्हे, कपाटातला. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, दगड झालेला दात.

आधी माझं दुखणं सांगते, म्हणजे पुढचा प्रवास समजेल. मी वरोऱ्याची. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. आमच्या भागातल्या काही शेतांत नांगरणी झाली की डायनासोरच्या हाडांचे तुकडे वर येतात, आणि त्यांच्या शेणाचे दगड झालेले गोळे तर चालताना पायाला लागतात. बावीस वर्षं मी रविवारच्या सकाळी ती शेतं तुडवली. घरात शेणाचे गोळे चार पेट्या भरून आहेत, हाडांचे तुकडे दोन पेट्या. दात एकही नाही. दात मिळाला की तो प्राणी कोणता होता, काय खात होता, हे सांगता येतं. हाडाच्या तुकड्यावरून तेवढं कळत नाही. म्हणून दात हे माझं स्वप्न म्हणा, खूळ म्हणा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत म्हाताऱ्यांसाठी मोफत कवळ्यांचं शिबिर झालं. कवळ्या करायला वसईहून अंतोन नावाचे कारागीर आले होते. साठीचे, काटकुळे, मोजकं बोलणारे. शिबिर संपलं आणि त्यांची गाडी संध्याकाळची होती, म्हणून मी त्यांना शेत दाखवायला नेलं. मी पुढे, ते मागे. मी त्यांना डायनासोर समजावून सांगतेय आणि ते मान डोलावताहेत. अर्ध्या तासात त्यांनी नाल्याच्या काठावरून, पळसाच्या बुडाशी पडलेलं, मातीने माखलेलं बोटभर काहीतरी उचललं आणि म्हणाले, "बाई, हा दात आहे."

मी चष्मासुद्धा लावला नाही. "गारगोटी आहे, भाऊ," मी म्हणाले. "ठेवा, आमच्या गावची आठवण."

हे मी म्हणाले, मीच. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं हे त्यातल्या त्यात बरं.

सहा महिन्यांनी माझ्या फोनवर फोटो आला. धुऊन लख्ख केलेला तपकिरी दात. चपटा, मागे वळलेला, कडेला करवतीसारखे बारीक दाते. फक्त वरचं टोक मोडलेलं. खाली लिहिलं होतं, "बाई, तुमची गारगोटी." त्यात खोच नव्हती, माणूस खोचक नाहीच, आणि म्हणून ते जास्त झोंबलं. दोन दिवस मला घास गोड लागला नाही. बावीस वर्षं माझी आणि अर्धा तास त्यांचा!

तिसऱ्या दिवशी मी त्या पळसाखाली जाऊन बसले. चाळणी घेऊन, गुडघ्यांवर, तीन महिने. शेतमालकाला वाटलं बाईंचं मंगळसूत्र हरवलं. आणि एका सकाळी मिळालं, बोराच्या बीएवढं दाताचं टोक, कडेच्या करवतीसकट. तारीख, जागा, नाल्यापासूनची पावलं, सगळं वहीत लिहिलं. मग शाळेत दाखवलं. "आमच्या बाईंना डायनासोरचा दात सापडला" म्हणून शाल, श्रीफळ, फोटो. अंतोनभाऊंच्या दाताबद्दल मी गावात कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता.

अशात नाताळच्या सुमारास त्यांचा फोन आला. मुंबईच्या एका कॉलेजात जीवाश्म शिकवणाऱ्या प्राध्यापिका रविवारी घरी येऊन दात तपासणार आहेत. "पण त्याच्याआधी तुम्ही या, बाई. तुमच्या शेतातला आहे. तुम्ही म्हणाल ते खरं."

मी तिकीट काढलं. ते टोक कापसात गुंडाळून हिंगाच्या रिकाम्या डबीत घातलं, कारण घट्ट झाकणाची एवढुशी डबी घरात तीच होती. मनातला हिशेब असा होता की हे दोन वेगळे दात निघाले तर माझा मान माझ्याकडे राहतो, आणि त्यांचा मगरीचा निघाला तर फारच उत्तम. पण माझं टोक जर त्यांच्याच दाताचं निघालं, तर मी शाल पांघरली होती ती त्यांच्या दाताच्या तुटक्या तुकड्यावर.

आचोळे, शुक्रवार

माझी भाची पल्लवी नालासोपाऱ्याला आचोळ्यात राहते, सातव्या मजल्यावर. आमच्याकडे पाहुणा आला की चार घरांना कळतं. इथे मी जिन्यात भेटलेल्या बाईंना "पल्लवीची मावशी" म्हणून ओळख सांगितली, तर त्या म्हणाल्या, "पल्लवी कोण?" आणि त्या समोरच्याच दारात शिरल्या. पल्लवी सकाळी अंधारात कामाला निघते, अंधार पडल्यावर येते. तिचा तरी काय दोष. पण सुट्टीच्या दिवशी त्या मजल्यावर दापोलीचं, साताऱ्याचं आणि अकोल्याचं कालवण एकाच वेळी उकळत असतं, आणि वासावरून दारं ओळखता येतात.

मी तिळाचे लाडू काढले, तिने चहा केला, आणि मी डबी उघडून दाखवली.

"ईऽ मावशी, हिंगाचा वास येतोय याला."

"डायनासोरला पचायला बरं."

"जोक नको करू. तू त्या अंकलना सांगितलंयस ना, तुला पण एक मिळालाय ते?"

"सांगीन की."

"म्हणजे नाही सांगितलं. मावशी, सीरियसली? शाळेत आम्ही कॉपी केली की तू काय करायचीस आठवतंय ना?"

मी लाडवाचा घास तोंडात घातला. ही पोरगी सातवीत असताना वर्षभर माझ्याकडे होती आणि माझ्या वर्गात बसली होती. अशांना विसरता येत नाही, हीच शिक्षकांची अडचण.

मग विषय बदलायला मी विचारलं, इथे मुलांचे पडलेले दात कुठे टाकतात? आमच्याकडे कौलावर फेकायचा आणि उंदराकडे त्याच्यासारखा बारीक दात मागायचा. पल्लवी म्हणाली, "कौल कुठंय? खालच्या मजल्यावरच्या एकीने एसीच्या डब्यावर टाकला मुलीचा. मेकॅनिकला मिळाला नंतर, तो घाबरला जाम." आम्ही दोघी हसलो. पण झोपेपर्यंत तिने मला तोच प्रश्न आणखी दोनदा विचारला.

वालीव, शनिवार

अंतोनभाऊंचा गाळा वालीवला. रिक्षावाल्याने मला दोन कारखान्यांच्या मधल्या बोळात सोडलं. एकीकडे प्लास्टिकच्या बादल्या तयार होत होत्या, दुसरीकडे पत्रा कापत होते, आणि जमिनीतून पायाला सतत हादरे बसत होते. आमच्याकडे जानेवारीत शेकोटी लागते. इथे त्या बोळात मला घाम फुटला.

गाळ्यात शिरले आणि दचकलेच. भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. शेकड्यांनी, वर-खाली, काही नुसते हिरड्यांचे. प्रत्येकावर पेन्सिलीने आडनाव आणि डॉक्टरचं नाव. इतकी तोंडं एका खोलीत आणि सगळी गप्प, असं मी शाळेत कधी पाहिलं नव्हतं.

"बसा, बाई," अंतोनभाऊ म्हणाले. स्टूल पुसून दिलं. कपाटातल्या, कवळी ठेवायच्या गुलाबी डबीतून त्यांनी दात काढून माझ्या तळहातावर ठेवला.

फोटो त्यापुढे काहीच नव्हता. इतकं वजन, इतकी झळाळी. हाताला गार लागला. बावीस वर्षांच्या रविवारांत मी ज्या वस्तूची इतकी कल्पना केली होती, ती कुणीतरी माझ्या वाटेवरून उचलून गुलाबी डबीत ठेवली होती.

"तुम्हाला दिसला कसा?" मी विचारलं. हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारत होते.

"मी दगड बघतच नव्हतो," ते म्हणाले. "मला दगडातलं काय कळतं? चकाकी दिसली." त्यांनी भिंतीवरची रंगपट्टी काढून दाखवली. दातांचे सोळा नमुने, सगळे पांढरे, आणि मला सगळे सारखेच. "हा जरा पिवळट, हा राखाडीकडे जाणारा. चाळीस वर्षं हेच करतो. गारगोटी पण चमकते, पण दाताची चमक आतून येते. काळा झाला तरी समजते."

म्हणजे माणसाने चाळीस वर्षं तयारीच केली होती, आणि मी मात्र नशिबाला शिव्या घालत होते. नशीब असतं तर राग धरता आला असता. मेहनतीचा हेवा करायला फार त्रास होतो, पण तो मी केला.

"याला मूळ नाही," मी म्हणाले, कुठे तरी खोट काढायला हवी म्हणून.

"नसणारच. खालून नवा आला की जुन्याचं मूळ झिजतं. पोरांचा दुधाचा दात पडतो तसा पडलाय हा. बघा, बूड कसं पोकळ आहे. मेल्यावर नाही पडलेला. जिवंतपणी, काहीतरी खाताना पडला असणार."

आमच्या पळसाखाली तो प्राणी काहीतरी चावत उभा आहे, हे चित्र मला बावीस वर्षांत एकदाही दिसलं नव्हतं. यांना स्टुलावर बसल्याबसल्या दिसत होतं.

"माती कुठे गेली याची?" मी विचारलं.

ते ओशाळले. "घासून काढली. ब्रशने. शेवटी पॉलिशच्या चाकावर पण धरला थोडा. सवय हो. दात अस्वच्छ ठेवणं जमतच नाही हाताला. नंतर वाचलं की माती ठेवायची असते. तिच्यावरून जागा पटते म्हणे."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, स्वच्छ आनंद झाला. शेत कुठलं, हे त्यांना धड आठवत नव्हतं. "तो नाला, आणि एक झाड," एवढंच. माती नाही, नोंद नाही. माझ्या टोकाला मात्र माती अजून चिकटलेली होती, आणि नोंद वहीत होती.

तेवढ्यात दारावर कुणीतरी कवळी न्यायला आलं आणि अंतोनभाऊ बाहेर गेले. मी पर्स उघडली. डबी काढली. कापूस सोडवला. टोक चिमटीत धरलं. मग मोडलेल्या कडेवर ते टेकवलं.

टक्. एवढाच आवाज झाला. जरा इकडे नाही, जरा तिकडे नाही. करवतीचे दाते खालून वर एका ओळीत गेले. दोन वेगळे दात नव्हतेच. मला सापडलं होतं ते त्यांच्या दाताचं टोक.

मी ते उचललं, डबीत कोंबलं, पर्स लावली. अंतोनभाऊ आत आले, दात उचलून भिंगाखाली धरला आणि लागोपाठ दोनदा शिंकले.

"प्लास्टरची धूळ," मी म्हणाले.

"हं," ते म्हणाले, आणि नाक पुसलं. मग दात हळूच माझ्यासमोर ठेवला. "सांगा, बाई. काय आहे?"

मी चष्मा लावला. या वेळी लावला. आणि म्हणाले, "मगरीचा वाटतो."

"पण मगरीचे गोल असतात ना? मी चित्रात पाहिले."

"जुन्या काळच्या काही मगरींना असे चपटे, करवतीचे पण असत." हे खरं आहे, आणि खोटं बोलायला खऱ्याइतकं सोयीचं काही नसतं. "मला तरी डायनासोर म्हणवत नाही."

त्यांनी दात उचलून कापसात ठेवला. गुलाबी डबी बंद केली, पुन्हा उघडली, कापूस सारखा केला, पुन्हा बंद केली. "मग त्या मॅडमना नको म्हणून सांगू? एवढ्या लांब कशाला यायचं त्यांनी मगरीसाठी."

"तुम्ही बघा," मी म्हणाले.

भुईगाव, त्याच दुपारी

जेवायला त्यांनी मला स्कूटरवरून घरी नेलं. वसई स्टेशनच्या पश्चिमेला आलं की हवाच बदलते. इमारती मागे पडतात, रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना केळी, नारळ, अळू, पडवळाचे मांडव. आमच्याकडे या दिवसांत तुरीची काटकं आणि कापसाची बोंडं उरतात, हिरवं काही सापडणार नाही. इथे विहिरीचं पाणी जानेवारीतही हाताला लागेल इतकं वर होतं. मला त्या पाण्याचाही हेवा वाटला. त्या दिवशी मला कशाचाच हेवा वाटायचा राहिला नव्हता.

घरावर नाताळचा कंदील अजून होता आणि ओसरीवर येशूजन्माचा गोठा मांडलेला. त्यांच्या पत्नी सेलिनाबाई दारातच उभ्या. अंगाने भरलेल्या, आवाजाने खणखणीत.

"या, या. ह्यांची गारगोटी ती तुम्हीच ना?"

मी हसले. दुसरं काय करणार.

जेवण असं होतं की मी काही वेळ दात विसरले. कोंबडीचं लालभडक कालवण आणि त्याबरोबर फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, आतून पोकळ आणि मऊ. मी चार खाल्ले. पाचवा सेलिनाबाईंनी न विचारता वाढला. शेवटी सुकेळी आली. सालं काढून उन्हात वाळवलेली केळी, मधाच्या रंगाची, चिकट, चावायला जड. माझ्या डाव्या दाढेची टोपी तिच्यात अडकून निघून आली. मी ती रुमालात घेतली. अंतोनभाऊंनी हात पुढे केला, "आणा इकडे." खिशातून भिंग काढून पाहिली, म्हणाले, "चांगलं काम आहे, पण सिमेंट जुनं झालंय. उद्या लावून देतो." ज्या माणसाला मी तासाभरापूर्वी फसवलं होतं, तो माझी दाढ हातात घेऊन तिच्या कारागिराचं कौतुक करत होता.

मग ते हात धुवायला मागे गेले आणि नवरा-बायकोचं त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी सुरू झालं. मराठीच ती, पण मला पकडता येईना. सेलिनाबाईंचा आवाज चढला. मला एकच शब्द नीट कळला, "मगर".

त्या बाहेर आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही म्हणता तर असेल. पण एक सांगते. हा माणूस चाळीस वर्षं लोकांचे दात करतो. लग्नात लोक हसतात ते ह्यांच्या दातांनी हसतात. नाव डॉक्टरचं. ह्यांनी केलेला दात कुणाचा म्हणून कधी ओळखला गेला नाही. ओळखू आला तर काम वाईट, असा धंदा. हा एकच दात ह्यांनी केलेला नाही, शोधलेला आहे. इथल्या आमच्या शाळेच्या कपाटात ठेवायचा होता. खाली चिठ्ठी, काय आहे, कुठे मिळाला, कुणाला मिळाला."

"हो का," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

"फोन करून त्या मॅडमना नको म्हणून सांगा म्हणाले मला. मी नाही केला फोन. येऊ देत. मगर तर मगर, फुगे तरी खातील."

पुन्हा भुईगाव, रविवार

सकाळी पल्लवी मला सोडायला रिक्षापर्यंत आली. मी तिला सगळं सांगितलं होतं. ती फक्त म्हणाली, "मावशी, शाल घरीच आहे ना? मग इथे कशाला पांघरतेस?" असं बोलायला ही कुठे शिकली कोण जाणे, बहुतेक माझ्याच वर्गात.

मी पोचले तेव्हा चर्चमधून माणसं घरी परतत होती आणि प्राध्यापिका आलेल्या होत्या. मला वाटलं होतं कुणी पिकल्या केसांच्या असतील. ही तिशीची मुलगी, पायात बूट, पाठीला सॅक. तिने असे दात डझनाने हाताळलेत हे तिच्या बोटांवरून कळत होतं. तिचाही हेवा वाटला, पण आता माझ्यात जागा उरली नव्हती.

तिने दात पांढऱ्या कागदावर ठेवला. भिंगातून पाहिलं. निळसर प्रकाशाची बॅटरी मारली. कुठे डिंक, भराव असेल तर त्या उजेडात चमकतो, म्हणाली. काही चमकलं नाही. मग मोजपट्टीने कडेचे दाते मोजले. ती पुटपुटत मोजत होती आणि अंतोनभाऊ भिंतीला पाठ लावून उभे होते, परीक्षेच्या निकालाला पालक उभे असतात तसे.

"खरा आहे," ती म्हणाली. "छानच आहे. कुठे मिळाला?"

"वरोऱ्याकडे," अंतोनभाऊ म्हणाले.

"वरोऱ्याला कुठे? कुठलं शेत? कोणत्या थरात?"

"नाला होता. झाड होतं."

तिने पेन खाली ठेवलं. "काका, असं असेल तर अवघड आहे. माती काढलेली, एक बाजू पॉलिश केलेली, जागा माहीत नाही. असे दात बाजारात विकतही मिळतात. तुम्ही खोटं बोलताय असं नाही, पण मी लिहू काय? कपाटात ठेवायला सुंदर आहे. त्यापलीकडे मला काही म्हणता येणार नाही. मगरीचा नाही हेसुद्धा खात्रीने लिहायचं तर टोक हवं होतं."

अंतोनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटत होतं ते पाहतील, विचारतील, बाई, तुम्हाला जागा आठवते का? त्यांनी कोपऱ्यातल्या गोठ्यातल्या मेंढ्या सरळ केल्या.

मी गप्प बसले असते तर कुणालाही काही कळलं नसतं. त्यांचा दात बिनगावाचा राहिला असता आणि माझं टोक, माझी वही, माझी शाल, सगळं वरोऱ्याला सुखरूप. मी हे एका क्षणात मोजलं, आणि मला ते हवंसं वाटलं. तेही सांगून टाकते.

मग मी पर्स उघडली आणि हिंगाची डबी आणि वही कागदावर ठेवली.

"टोक आहे," मी म्हणाले. "माती आहे. जागा आहे, पावलांसकट. नाल्यापासून नऊ पावलं, पळसाच्या बुडाशी. तुम्ही उचललात तिथूनच, भाऊ. मी मागाहून जाऊन शोधलं. काल गाळ्यात लावूनही पाहिलं, बसतंय. तरी मगर म्हणाले."

प्राध्यापिकेने चिमट्याने टोक उचललं आणि दाताला लावलं. टक्. तिने भिंग काढलं. वरचे दाते मोजले, खालचे मोजले, दोन्ही एका मापाचे निघाले. टोकावरची माती बराच वेळ न्याहाळली आणि वहीतलं माझं पान वाचलं. मग म्हणाली, "मांसाहारी डायनासोर. वयात आलेल्या प्राण्याचा, गळून पडलेला दात. आता लिहिता येईल."

सेलिनाबाईंनी क्रुसाची खूण केली. आणि अंतोनभाऊ शिंकले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"डबी बंद करा हो," सेलिनाबाई म्हणाल्या. "ह्यांना हिंग चालत नाही. लग्न झाल्यापासून मी घरात हिंग आणलेला नाही."

माझ्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला. मी अंतोनभाऊंकडे पाहिलं. "म्हणजे काल गाळ्यात..."

"दाताला वास लागला होता," ते नाक पुसत म्हणाले. "नुसता मोडलेल्या कडेला. सकाळपर्यंत नव्हता."

"मग बोलले काहून नाही, भाऊ?" माझी घरची बोली बाहेर पडली, इतकी मी हादरले होते.

त्यांनी खांदे हलवले. "तुमच्याकडे काय आहे ते तुम्हाला माहीत. तुमचं तुम्ही काढाल म्हटलं. नाही काढलं असतं तर..." ते थांबले. "तर वाईट वाटलं असतं. पण तुमच्या शेतातलं आहे ना ते."

प्राध्यापिकेने पेन उचललं. "शोधणाऱ्याचं नाव?"

"बाईंचं लिहा," अंतोनभाऊ म्हणाले. "जागा त्यांची, नोंद त्यांची."

देवाशप्पथ, मला ते हवं होतं. मी म्हणाले, "अंतोन यांना सापडला. टोक मला." ती लिहीत असताना मी वाकून पाहिलं, दुसरं वाक्य लिहिलंय ना म्हणून.

जेवणानंतर त्यांनी माझ्या दाढेची टोपी ओसरीवरच बसवून दिली. तोंड उघडं असल्यामुळे मला माफी मागता आली नाही, आणि ते बरं झालं, कारण त्यांना ऐकायची नव्हती.

वरोरा

परत आल्यावर मी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं आणि शाल परत केली. ते म्हणाले, राहू द्या, दिलेली शाल कोण परत घेतं? मी ती पेट्यांवर घातली आहे, शेणाच्या गोळ्यांना ऊब.

महिन्याने पार्सल आलं. आत गुलाबी डबी, आणि डबीत दात. मी हादरले, त्यांनी खरा पाठवला की काय! तीच झळाळी, तोच तपकिरी, तीच पोकळ बुडातली सावली. भिंग लावलं, बॅटरी मारली, नखाने टोकरलं. मला ठरवता येईना. शेवटी चिठ्ठी वाचली. "बाई, खरा, तुमच्या टोकासकट, इथल्या शाळेच्या कपाटात आहे. हा मी केला. चाळीस वर्षं जोड दिसू नये म्हणून काम केलं. यात दिसू दिली आहे."

मी दात उजेडात धरला. टोकाच्या खाली केसाएवढी तिरकी रेघ होती. वर माझं, खाली त्यांचं.

मग मी मोजपट्टी आणली. माझं चवथाईपेक्षा जरा कमी भरलं. पुन्हा मोजलं, तेवढंच भरलं.